जमादाराच्या खाकीला हळद

माळधामणी ठाण्याच्या भिवाजी जमादारांची वर्दी म्हणजे साऱ्या हिंगोली जिल्ह्याच्या पोलिसांत कौतुकाचा विषय होता. इस्त्रीची घडी अशी की तिच्यावर काकडी चिरावी, आणि बुटाचं टोक असं की त्यात बघून मिशी कातरावी. जमादारांची नोकरी आता उतरणीला लागली होती. डोक्यावरचे केस विरळ झाले होते आणि कमरेचा घेर वाढला होता. तरी सव्वीस जानेवारीच्या परेडला साहेबलोक त्यांच्यासमोर आले की पाय जरा रेंगाळायचे. यात जमादारांची हौस अर्धी, तर बाकीची अर्धी मेहनत त्यांच्या बायकोची, केशरबाईची. भाताची पेज गाळून ती खाकीला अशी खळ करायची की वाळलेली पँट भिंतीला टेकवून उभी करता यावी.

अशा माणसाच्या टेबलावर एका सकाळी ठाण्याच्या मॅडमनी प्लास्टिकची पिशवी आणून ठेवली. आत गडद निळा टी-शर्ट, जागोजाग खिसे असलेली पँट, कापडी टोपी आणि पळायचे बूट होते.

"जिल्ह्यात कामाची वर्दी वेगळी करायचा विचार चाललाय," मॅडम म्हणाल्या. "परेडला, मोठ्या बंदोबस्ताला खाकी राहील. रोजच्या धावपळीला हे. आधी काही जणांनी घालून बघायचं आणि कसं वाटलं ते सांगायचं."

जमादारांनी टी-शर्ट दोन बोटांत धरून उचलला आणि उजेडाकडं धरला.

"मॅडम, असा माझ्या नातवाला हाय. क्रिकेटला जाताना घालतो."

"मग तुम्हाला मापाची अडचण नाही येणार," मॅडम हसून म्हणाल्या आणि आत गेल्या.

जमादारांनी पिशवीला गाठ मारली आणि ती कपाटाच्या वरच्या फळीवर टाकली. ठाण्यातली शिपाई ऐश्वर्या हिनं मात्र तिची पिशवी त्याच दिवशी फोडली. ऐश्वर्या नर्सीकडची, कॉलेजात असताना पळण्याच्या शर्यतीत विद्यापीठापर्यंत जाऊन आलेली. दुसऱ्या दिवशी ती नव्या कपड्यांत ठाण्यात आली ती जणू वजन उतरल्यासारखी चालत.

"औंढ्याच्या यात्रेत दिवसभर उभी होते काका," ती जमादारांना म्हणाली. "खाकीला धड खिसा न्हाई. मोबाइल एका हातात, काठी एका हातात. साहेब आले तर सलाम कोणत्या हातानं मारू?"

"आमी मारलेच की इतके वर्स."

"तेव्हा तुमच्याकडं मोबाइल नव्हता."

"आन आताचा चोर तुझा टी-शर्ट बघून भ्येणार हाय का? वर्दी बघून माणसाचा आवाज खाली आला पायजे. हे बघून तो तुला पाळण्याचं तिकीट इचारील."

असा वाद रोज चहाबरोबर निघायचा. ठाण्यातले बाकीचे लोक ऐकत बसायचे, कारण त्यातून फुकटची करमणूक होती. शेवटी हिंगोलीहून निरोप आला. प्रत्येक ठाण्यातून एक माणूस खाकीत आणि एक नव्या कपड्यांत पाठवा. एस.पी. साहेब दोन्ही शेजारीशेजारी उभे करून बघतील आणि घालणाऱ्यालाच विचारतील. माळधामणीतून कोण जाणार हे विचारायची गरजच पडली नाही.

त्या दिवशी केशरबाई पहाटेच उठली. खळ नेहमीपेक्षा घट्ट झाली होती. जमादार तयार होऊन अंगणात आले तेव्हा चालताना कपड्यांचा करकर आवाज येत होता. साहेबांपुढं काय बोलायचं ते त्यांनी मनात पाठ केलं होतं. शिस्त, परंपरा, दरारा, असे तीन मोठे शब्द होते आणि प्रत्येकाच्या मागं एकेक वाक्य.

बोलेरोत ते टेकून बसले नाहीत. घडी मोडू नये म्हणून वरचा दांडा धरून सीटच्या काठावर अर्धे अधांतरी राहिले. टोपी रुमालात गुंडाळून मांडीवर घेतली होती. गाडी चालवणारा शिवहार आरशातून बघत होता.

"काका, तुमाला उभंच नेलं असतं, पण टप आडवा येतो."

"तू खड्डे बघ."

ऐश्वर्या मागं खिडकीशी बसून शेंगा खात होती. फेब्रुवारी संपत आला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हळदीची काढणी चाललेली. कुठं शिजवणीची वाफ वर जात होती, कुठं वाळत घातलेल्या हळदीनं माळच्या माळ पिवळा पडला होता.

औंढ्याचा फाटा मागं पडला आणि एका वळणावर बाई आडवी आली. हातात काठी, पदर खोचलेला. शिवहारनं ब्रेक मारला तशी जमादारांची टोपी मांडीवरून घरंगळली. बाई ओळखीची निघाली. मेंढ्या-शेळ्या राखणारी सिंधूबाई. तिचा नवरा दगडोबा मेंढरं घेऊन पुढच्या शिवारात गेला होता आणि शेळ्या तिच्याकडं होत्या.

"जमादार, माझ्या शेळ्या नेल्या हो," ती म्हणाली. "मी हिरीवर पाण्याला गेले, तेवढ्यात पांढऱ्या पिकअपात कोंबल्या. आत्ता गेला, ह्याच वाटेनं."

जमादारांनी घड्याळ बघितलं. मग आपल्या पँटची घडी बघितली.

"सिंधूबाई, ठाण्यात मॅडम हायेत. तुमी तिथं जाऊन..."

"ठाणं तिकडं आन शेळ्या इकडं. मी कुनीकडं जाऊ, तुमीच सांगा."

तोवर ऐश्वर्यानं दार उघडून बाईला आत घेतलं होतं. सिंधूबाई बसली ती नेमकी जमादारांच्या शेजारी, आणि तिच्या लुगड्याला लागलेली सगळी रानाची धूळ घेऊन. जमादार आणखी काठावर सरकले.

शिवहारला नुसती परवानगीच पाहिजे होती. त्यानं बोलेरो अशी सोडली की जरा पुढं गेल्यावर पांढरी पिकअप दिसली. तिच्या जाळीतून शेळ्यांची तोंडं बाहेर आली होती.

"ती बघा माझी काबरी," सिंधूबाई म्हणाली.

पिकअपवाल्यानंही पोलिसांची गाडी बघितली. त्यानं एकदम डांबरी सोडली आणि कच्च्या वाटेनं शिवारात घुसला. वाटेनं त्याला दगा दिला. ती तातेरावाच्या हळदीच्या खळ्यापाशी जाऊन संपत होती आणि तिथं शिजवणीचं यंत्र लावलेला ट्रॅक्टर आडवा उभा होता. पिकअपवाला उडी मारून पळत सुटला. त्याच्यामागं ऐश्वर्या.

पळण्यात तो तिच्या हाताला लागणारच होता. पण गडी डोक्यानं हुशार होता. खळ्यावर पंधरा-वीस माणसं कामाला होती. त्यांच्यातून जाताना तो मागं बोट करून ओरडला, "भाऊ, धरा हिला. हीच ती बियाण्याची. मागच्या साली सोयाबीन दिलं, उगवलं का कोणाचं?"

आता या भागात निळा टी-शर्ट आणि कापडी टोपी घालून शिवारात कोण फिरतं, तर बियाण्याच्या कंपन्यांची माणसं. येतात, टोप्या वाटतात, शेंगांनी लगडलेल्या झाडाचे फोटो दाखवतात आणि पेरणीनंतर फोन उचलत नाहीत. खुद्द तातेरावाच्या डोक्यावर तसलीच टोपी होती. तो फावडं टाकून ऐश्वर्याला आडवा आला.

"थांबा ताई. तुमचीच वाट बघून राहिलो व्हतो आमी."

"सरका, मी पोलीस आहे."

"व्हय का? मागच्या बारीला आला तो म्हणला मी डॉक्टर हाय. पिकाचा डॉक्टर."

हां हां म्हणता माणसं भोवती जमली. ऐश्वर्याच्या टी-शर्टवर मोठ्या अक्षरात पोलीस असं लिहिलेलं होतं, पण ते पाठीवर आणि इंग्रजीत. ते दिसावं म्हणून ती गर्रकन वळली.

"पाठ काहून फिरवता?" तातेराव म्हणाला. "तोंडावर बोला की. तीनदा पेरलं मी. तीनदा."

"माझ्या भावजीचं बी उगवलं न्हाई," मागून एक बाई म्हणाली. "त्याचं बी घ्या लिहून."

ऐश्वर्यानं ओळखपत्रासाठी खिसा चाचपला. पँटला इतके खिसे की पहिल्यात शेंगा निघाल्या आणि दुसऱ्यात चार्जर. तोवर पिकअपवाला पलीकडच्या बांधावर पोचला होता. आपल्यामागं कोणी येत नाही हे बघून तो पळायचा थांबला आणि निवांत चालू लागला.

जमादार बोलेरोतून उतरून खळ्याच्या काठावर उभे होते. त्यांना सगळं दिसत होतं, ऐकूही येत होतं. पण त्यांच्या आणि त्या घोळक्याच्या मध्ये नुकतीच शिजवून पसरलेली हळद होती. ओली, वाफाळती, पार लांबपर्यंत. वळसा घालून जायचं तर विहिरीकडून जावं लागणार, आणि तोपर्यंत चोर सिद्धेश्वरच्या धरणापर्यंत पोचला असता. त्यांनी आपल्या बुटांकडं बघितलं. सकाळी त्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला होता. मग त्यांनी ऐश्वर्याकडं बघितलं. ती घोळक्याच्या मधोमध उभी होती, आणि कोणीतरी तिच्यापुढं न उगवलेल्या बियाण्याची रिकामी पिशवी नाचवत होतं.

जमादारांनी टोपी डोक्यावर घट्ट बसवली आणि हळदीत पाऊल टाकलं.

चार पावलं बरी पडली. पाचव्याला चामड्याचा तळ सरकला. जमादार पहिल्यांदा बसले, मग बसल्या बसल्या घसरले, आणि खळ्याला उतार होता म्हणून घसरतच राहिले. त्या उताराच्या टोकाला आधी वाळलेली हळद पॉलिश होत होती आणि फिरत्या ड्रमखाली तिच्या भुशाचा ढीग साठला होता. ओले झालेले जमादार त्या कोरड्या ढिगात जाऊन थांबले.

ते उठून उभे राहिले तेव्हा सगळं खळं त्यांच्याकडं वळलं. बूट पिवळे, खाकी पिवळी, मिशी पिवळी. टोपी मात्र होती तिथंच, तसूभरही वाकडी झालेली नव्हती.

"अगं बाई," कामावरची एक म्हातारी म्हणाली, "नवरदेव आला."

सगळं खळं हसलं. जमादार हसले नाहीत. त्यांनी पट्टा वर ओढला, आणि चालत, अगदी परेडच्या चालीनं, घोळक्यापाशी आले.

"ती बियाण्याची न्हाई," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "ती माझ्या ठाण्याची हाय. सोडा तिला."

आणि माणसं सरकली. एवढी पिवळी झाली तरी ती वर्दी होती. पट्टा, खांद्यावरची फीत, छातीवरची नावाची पाटी, सगळं सगळ्यांना वाचता येत होतं. तातेरावानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"मंग तसं आधी सांगायचं ना ताई."

"कवाची सांगूनच राहिले व्हते," ऐश्वर्या म्हणाली, पण हे शेवटचे शब्द तिनं पळतापळताच म्हटले. बांधावरच्या चोरानं मागं बघितलं आणि पुन्हा जीव घेऊन सुटला. त्याच्या पायात चप्पल होती आणि ऐश्वर्याच्या पायात ते नवे बूट. पाण्याची चारी तिनं एका उडीत ओलांडली. गव्हाच्या रानाच्या अर्ध्यात तिनं त्याची कॉलर धरली तेव्हा त्याला बोलायलाही दम उरला नव्हता. जमादार इकडून कमरेवर हात ठेवून बघत होते. आपण तिच्या वयाचे असतो तर, असं त्यांच्या मनात आलं. मग त्यांनी आपल्या बुटांकडं बघितलं आणि तो विचार अर्ध्यावर सोडला.

मॅडमना फोन लावला तर त्या म्हणाल्या, "सगळ्यांना घेऊन थेट हिंगोलीला जा. मी पोचतेच आहे. उशीर करू नका."

चोराला बोलेरोत ऐश्वर्याच्या शेजारी बसवलं. जमादार चढायला लागले तसा शिवहार खाली उतरून दारात उभा राहिला.

"काका, राग मानू नका. सीटचं कव्हर नवं हाय. हळद निघत न्हाई."

म्हणून पिकअप तातेरावानं चालवायला घेतली, सिंधूबाई त्याच्याशेजारी बसली, आणि जमादार मागं शेळ्यांत उभे राहिले. पहिला मैल बरा गेला. मग काबरीनं त्यांची बाही चाटली. तिला चव आवडली असावी, कारण तिनं दुसरीलाही वाटा दिला. केशरबाईनं पहाटे घातलेली भाताची पेज ओल्या हळदीनं चांगली मऊ झाली होती. एक शेळी बाहीला, एक पँटच्या घडीला, आणि एक म्हातारा बोकड शर्टाच्या मागच्या टोकाला लागला. जमादार एकीला ढकलायचे तर दुसरी पुढं यायची. हिंगोलीच्या बाजाराजवळ हळदीच्या गाड्यांची रांग लागली होती. तिथले हमाल काम थांबवून बघत राहिले. ओळखीच्या एकानं हात वर केला. जमादारांनी दुसरीकडं बघितलं.

मैदानात जिल्ह्यातली सगळी ठाणी जोडीजोडीनं उभी होती. खाकी कडक, निळे कोरे. एस.पी. साहेब रांगेवरून फिरतच होते. ते उत्तरेकडचे, मराठी शिकून घेतलेले, सावकाश बोलणारे. फाटकातून शेळ्यांची पिकअप आत आली तशी सगळ्यांच्या माना वळल्या. जमादार उतरले, ऐश्वर्याच्या शेजारी जागेवर गेले आणि त्यांनी असा सलाम ठोकला की अंगावरची हळद उडून आजूबाजूच्यांवर बसली.

साहेब समोर येऊन थांबले.

"हे काय आहे?"

"हळद, सर."

"ती दिसते आहे."

ऐश्वर्यानं झालेलं सगळं थोडक्यात सांगितलं. बियाण्याचा भाग आला तेव्हा साहेबांनी ओठ आवळून धरले. मग त्यांनी तिला विचारलं, तुला कुठली वर्दी पाहिजे.

"हीच, सर. खाकीत मला तो सापडला नसता," ती म्हणाली. मग जमादारांकडं बघून म्हणाली, "पण काका खाकीत नसते तर मी अजून तिथंच सोयाबीनचं ऐकत असते."

"आणि तुम्हाला?" साहेब जमादारांकडं वळले.

जमादारांनी शिस्त हा शब्द आठवायचा प्रयत्न केला. तो आला, पण त्याच्यामागचं वाक्य आलं नाही. परंपरा आणि दरारा तर वाटेत शेळ्यांनीच खाल्ले असावेत. मग जे त्यांनी ठाण्यात कधी कोणाला सांगितलं नव्हतं ते तोंडातून निघून गेलं.

"सर, माझा बाप गावकीची कामं करायचा. जन्मात त्यानं सोताच्या मापाचा कपडा घातला न्हाई. कुनाचा तरी जुना सदरा, कुनाचा कोट, बाह्या ह्या इथवर लोंबायच्या. मी ट्रेनिंगवरून पहिल्यांदा घरी गेलो तवा तो माझ्याभोवती फिरला. बाही धरून बघितली. म्हणला, हे तुझ्या मापानं शिवलं का? मी म्हणलो, व्हय. सरकारनं माप घेतलं माझं." जमादारांनी आपली बाही धरून बघितली. "तेवढ्यासाठी मला ही सोडवत न्हाई, सर. बाकी ही पळायला कामाची न्हाई, हे आज मला बी कळलं."

साहेबांनी त्यांच्या चघळलेल्या बाहीकडं बघितलं.

"मग काय करावं म्हणता?"

"रंग माझा ठेवा आन शिलाई हिची. आन पोलीस हे पुढं लिवा, छातीवर. मराठीत लिवा. लोक पुढूनच बघतात, सर."

साहेब आता मात्र हसले, आणि त्यांच्यापाठोपाठ हसायची परवानगी सगळ्या मैदानाला मिळाली. "हे मी वर कळवतो," ते म्हणाले. "वर काय ठरेल ते सांगता येत नाही. पण छातीवर लिहिणं माझ्या हातात आहे." मग पिकअपच्या जाळीतून मैदानाच्या कडेच्या कुंड्यांना तोंड लावणाऱ्या शेळ्यांकडं बोट करून म्हणाले, "आणि त्या शेळ्यांना कुंड्यांपासून कोणीतरी बाजूला घ्या."

सिंधूबाईला शेळ्या संध्याकाळच्या आत परत मिळाल्या. तातेरावानंच त्या पोचवल्या, आणि ऐश्वर्याला फोन करून विचारलं की बियाण्याच्या त्या माणसाची तक्रार ठाण्यात देता येते का. ती म्हणाली, या की. तो दुसऱ्या दिवशी आला, शिवारातले आठ-दहा जण घेऊन, आणि सगळे जण तिच्याच टेबलापुढं बसले. जमादारांच्या टेबलाकडं कोणी गेलं नाही. जमादारांनी शिवहारला सगळ्यांसाठी चहा सांगायला पाठवलं.

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या संध्याकाळी जमादार घरी आले तेव्हा केशरबाई दारातच उभी होती. तिनं नवऱ्याला वरून खाली आणि खालून वर बघितलं. बाहीचा काठ हातात धरून बघितला.

"हे कुनी खाल्लं?"

जमादारांनी सगळं सांगितलं. साहेब काय म्हणाले, ऐश्वर्या काय म्हणाली, आपण बापाचं कसं सांगितलं. केशरबाई पायरीवर बसून ऐकत होती. बापाचं आलं तेव्हा तिनं मान हलवली.

"सगळ्यायला इचारलं म्हणता साहेबानं," ती म्हणाली.

"एकूणएकाला."

"खळ करणारीला कुनी इचारलं का?"

इतक्या वर्षांच्या संसारात हा प्रश्न त्यांना कोणी घातला नव्हता. ते तिच्याशेजारी पायरीवर बसले. आता घडी मोडायची भीती उरली नव्हती.

"बरं, मी इचारतो. तुला कुठली पायजे?"

"निळी," केशरबाई म्हणाली. उत्तर तयारच होतं. "सकाळी धुतली की दुपारी घालता येती. माझा ह्यो खांदा दोन वर्सांपासून दुखून राहिला. पेज गाळू का भाकरी करू, रोजचीच तारांबळ. तुमच्या बापाचं मापाचं खरं हाय. पण तुमाला माप सरकारनं दिलं आन कडकपणा मी दिला."

"तकलीफ व्हती तर बोललीस काहून न्हाई?"

"तुमी आरशापुढं एवढे खूश व्हायचे," ती म्हणाली. "म्हणलं, होऊ द्या."

जमादारांनी बुटांची नाडी सोडली. समोरच्या घरात कोणीतरी रेडिओ लावला होता. मग ते म्हणाले, "उद्या कपाटातली ती पिशवी घेऊन येतो. मापात बसती का बघू."

"आन न्हाई बसली तर?"

"तर तू उसवून दे. तेवढं एक काम कर."

केशरबाई हसली आणि पाणी तापवायला उठली, कारण नवरदेवाची हळद उतरवायची तर ते एका बादलीत होणारं काम नव्हतं.